ताईंच्या घरची माणसं

३ फेब्रु., सोम.

'घाटवाले' ही कादंबरी आज पुन्हा वाचून संपली. ताईंचे डोळे अधू झाल्यापासून वाचायचं काम माझं, रडायचं त्यांचं. शेवटी बापूमामा होडी विकतो आणि तानीबाई, सिंधू, मुका दगडू सगळे त्याच्या मागोमाग चालत निघतात. कोणी कोणाच्या रक्ताचं नाही. तिथं आल्या की ताईंचा पदर डोळ्यांना.

मग नेहमीचं भांडण. राहायला जायचंच झालं तर कोणाच्या घरी? ताई घाटवाल्यांच्या, मी अर्थात चार बहिणींच्या. त्या दुसऱ्या कादंबरीत बहिणी आईच्या शिवणयंत्रावरून कोर्टात जातात, पण एकीला ताप आला की तिघी हजर. ताई म्हणाल्या, "तुले भाऊबंदकी कधी भोगाव लागली नाही नं वं सुलू, म्हणून तुले ते गोड लागते."

खरं आहे. भोगायला भाऊबंद हवेत ना आधी. वसतिगृहात वाढले, नोकरी लागली, ताईंकडे पेइंग गेस्ट म्हणून एक खोली घेतली, ती आजतागायत. तेव्हा आमच्या या मनीषनगरात अर्धी शेतं होती.

ताईंनी चहा पिऊन कप खाली ठेवला आणि विचारतात, "आज चहा नाही का करत?" हसण्यावारी नेलं.

९ फेब्रु., रवि.

सकाळी ताई बाथरूममध्ये पडल्या. तोंड वाकडं, उजवा हात लुळा. शेजाऱ्यांनी गाडी काढली म्हणून बरं. डॉ. म्हणाले, मेंदूत रक्ताची गुठळी, वेळेत आणलंत.

संध्याकाळी बोलायला लागल्या. एक तरुण डॉक्टर कितपत भान आहे ते बघत असावा. "आजी, घरी कोण कोण आहे तुमच्या?" ताई अगदी ठणठणीत, "बापूमामा हाये. तानीबाई, सिंधू. अन् दगडू, पण तो बोलत नाही बापा." डॉक्टर खूश. मग माझ्याकडे बोट दाखवून, "आणि या कोण?"

ताईंनी माझ्याकडे नीट पाहिलं. "ही? ही वाचते."

मी त्यांच्या चपला हातात धरून उभी होते. त्या ठेवायला जागा शोधत बाहेर गेले आणि जिन्यात बसून रडले.

१० फेब्रु.

प्रशांत आला, हुडकेश्वरहून. ताईंचा पुतण्या. टाइल्सचं दुकान आहे, राखी आणि दिवाळीला येतो, बाकी फोन. डॉक्टरांनी त्याला सहज विचारलं, बापूमामांना कळवलं का? झालं. मला व्हरांड्यात घेऊन गेला. "काकू, खरं सांगा, हा बापूमामा कोन? आत्याच्या घरी किती लोक रायतेत?"

म्हटलं, अरे, पुस्तकातला आहे तो. त्याचा विश्वास बसेना. माझाही बसला नसता. बिचाऱ्याला वाटलं, म्हातारीच्या घरात कोणी टोळी घुसली.

घरी आला बघायला. दोन पलंग, दोन ताटं, दोन टॉवेल. गॅलरीतसुद्धा डोकावला. शेवटी मी पुस्तक काढून हातात दिलं. उभ्याउभ्या वाचत राहिला. मग म्हणाला, "म्हंजे आत्यानं आमचं नाव नाही घेतलं?" चेहरा एवढासा झाला.

"माझंही नाही घेतलं रे."

चहा केला. त्यात साखर घालायची राहिली. दोघांनी तसाच प्यायला.

१६ फेब्रु., रवि.

ताईंना सुट्टी मिळाली. घरी नाही आणल्या, प्रशांत हुडकेश्वरला घेऊन गेला. "तुमचंही वय झालं काकू. उचलनं, धुनं, तुमच्यानं होनार हाये का? आमच्याकडे वैशाली हाये, बाई ठेवू." त्याची बायको खरंच करणारी आहे, एकही शब्द खोटा नाही. भांडायला तोंडच नव्हतं. मी कोण म्हणून भांडू? पेइंग गेस्ट?

"इथंच राहा तुम्ही, घर तुमचंच हाये," असंही म्हणाला. चांगला मुलगा आहे. वाईट असता तर बरं झालं असतं.

लुगडी, औषधं, गरम पाण्याची पिशवी, कवळीची डबी, सगळं भरून दिलं. घाटवाले नाही दिले. मुद्दाम. पुस्तक इथं असलं म्हणजे वाचायला मला जावं लागेल. माझी अक्कल ही एवढी.

२० फेब्रु.

घर खायला उठतं म्हणतात, तसं काही नाही. घर गप्प बसून असतं. मीच मधूनमधून बोलते.

आज चार बहिणी काढल्या. मनात वाचता येईना, सवय मोडली आहे. मोठ्यानं वाचायला लागले तर पलीकडच्या बाई दाराशी, "कोणाशी बोलून राहिल्या हो?"

आणि पहिल्यांदाच त्या बहिणींचा राग आला. थोरलीच्या आजारपणात तिघी धावत येतात, तिथं प्रकरण संपतं. पुढच्या प्रकरणात ती बरी. मधल्या दिवसांत चादरी कोणी बदलल्या, ते लेखकानं लिहिलेलंच नाही. रात्री कोण उठत होतं? कोण वैतागलं? आयुष्यभर या घरात राहायला जायची स्वप्नं बघितली मी. कादंबरीतली घरं आपल्याला आवडतात, कारण तिथं आपल्याला कोणी परत जा म्हणत नाही आणि कोणी थांबही म्हणत नाही.

पुरे. वरणाला फोडणी द्यायचीय. एकटीचं वरण करणं म्हणजे शिक्षा. भांड्याच्या बुडाला पुरत नाही.

२७ फेब्रु., गुरु.

हुडकेश्वर. दोन ऑटो बदलून.

ताईंचं तोंड बरंच सरळ झालंय. पण त्या आता घाटावरच राहतात. वैशालीला सिंधू म्हणतात, ती "ओ" देते. वॉचमनकाका बापूमामा. प्रशांत म्हणजे मुका दगडू, कारण तो दुकानातून येतो आणि न बोलता टीव्हीसमोर बसतो. वैशाली हसून सांगत होती, "पयले टोकत होती मी. आता जाऊ द्या म्हणलं. सिंधू तं सिंधू. त्यायले बरं वाटते नं."

मी वाट बघत बसले. आता मला कोण म्हणतील? तानीबाई शिल्लक होती ना. त्या पुस्तकात तीच मला सगळ्यात कमी आवडते, कजाग आहे, पण चाललं असतं.

एक प्रकरण वाचून दाखवलं. डोळे मिटून ऐकलं. संपल्यावर म्हणाल्या, "छान वाचता हं तुम्ही."

तुम्ही. इतक्या वर्षांत मला एकदाही अहोजाहो केलं नव्हतं.

येताना पुस्तक परत पिशवीत घातलं. वैशालीनं पाहिलं.

५ मार्च

वैशालीचा फोन. दुपारी ताई अस्वस्थ होतात, पुस्तक ठेवता का इकडे, मी वाचून दाखवत जाईन. म्हटलं, शोधते, कुठे ठेवलं आठवत नाही. पुस्तक समोर, उशीशेजारी.

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

७ मार्च

देऊन आले. दारातूनच. ताई झोपल्या होत्या.

१४ मार्च, धुळवड

खाली पोरांचा दंगा. कोणी आलं नाही, मी कोणाकडे गेले नाही. ताई या दिवशी मला कपाळाला एक बोट गुलाल लावायच्या आणि "झालं, आता कामाले लाग" म्हणायच्या.

वैशालीला फोन करावासा वाटला. काय विचारू? पुस्तक कुठवर आलं?

१९ मार्च

प्रशांतचा फोन, दुकानातून. त्याचा फोन म्हणजे वाईटच बातमी, असं वाटलं. पण ताई ठीक आहेत. तो आधी बराच वेळ टाइल्सबद्दलच बोलला. तुमच्या बाथरूममध्ये न घसरनाऱ्या बसवून देतो, वगैरे. मग मुद्द्यावर आला.

"काकू, आत्या मले दगडू समजते नं. तो मुका. तं तिले वाट्टे मी कोनाले सांगनार नाही. बसते माझ्यासमोर अन् सगळं बोलते."

काय बोलतात?

"तुमच्याबद्दलच बोलते. सुलू येत नाई म्हनते. कुठं गेली काय मालूम, रागावली असन म्हनते. रोजच्या रोज."

मी म्हटलं, अरे, पण मी आले होते ना. समोर बसून वाचलं. ओळखलं नाही मला.

"तेच तं सांगून राहिलो काकू. तुमी आल्या होत्या तेच्या दुसऱ्या दिवशीबी तेच म्हने. सुलू नाई आली."

पुढे तो काहीतरी बोलत होता, मला नीट ऐकू आलं नाही. वरची खोली रिकामी आहे, असं काहीसं. वैशालीचंही तेच म्हणणं आहे. "तुमीच या इकडे रायले. पहा इचार करून."

फोन ठेवला. दवाखान्यात घरच्यांची नावं सांगितली तेव्हा मी त्यात नव्हते, म्हणून महिनाभर कुढत होते. आणि ही बाई घाटावर बसून माझी वाट बघतेय. माझ्या खऱ्या नावानं. आता हे सुख म्हणू की काय म्हणू?

२३ मार्च, रवि.

गेले. मुद्दाम ती निळी साडी नेसून, त्यांनीच घेतलेली. केसही तसेच बांधले, त्यांना आवडायचे तसे. वैशालीनं सांगितलं, "आत्या, पहा कोन आलं. सुलूकाकू आल्या." ताईंनी तिच्याकडे रागानं बघितलं. एवढ्या वयाच्या माणसाची काय थट्टा करायची, अशा नजरेनं.

मी हात हातात घेतला. "ताई, मीच सुलू." हात काढून घेतला नाही, पण शरमल्यासारख्या झाल्या. समोरच्या माणसाला वाईट वाटू नये म्हणून माणूस खोटं हसतो ना, तसं हसल्या. मग मीच म्हटलं, नाही नाही, मी वाचायला आले.

वाचलं. प्रशांत दारात उभा राहून ऐकत होता.

वैशाली वर घेऊन गेली. खोली चांगली आहे. खिडकीतून मागचा आंबा दिसतो. पंखा नवा. "कधी येता सांगा, पलंग लावून घेतो," म्हणाली. मी बघते म्हटलं. इथं येऊन रोज त्यांच्यासमोर बसायचं आणि रोज त्यांनी माझीच वाट बघायची. जमेल मला? आणि तिकडे एकटीनं राहणं जमेल? अजून काही ठरवलेलं नाही.

निघताना ताईंनी खूण करून जवळ बोलावलं. डाव्या हातानं माझं मनगट धरलं, बरीच ताकद आहे. दाराकडे बघून हळूच म्हणाल्या, "तुम्ही तिकडच्याच नं? तिकडं सुलू म्हणून एक पोरगी हाये. दिसली तं सांगजा. म्हणा, ताईची वाट पाहून उपाशी राहू नको. जेवून घे."

"सांगते," म्हटलं.