बोर्डावर मावलं तेवढंच खरं

ता. ३, मंगळवार. सकाळी ७.
काल चौकात दगडफेक. दोन मोटरसायकली जाळल्या, चष्मेवाल्याचं दुकान फोडलं. रस्त्यापलीकडचे म्हणतात अलीकडच्यांनी केलं, आपले म्हणतात पलीकडच्यांनी. कारण काय, तर फोनवर आलेला एक व्हिडिओ. सूनबाई म्हणाली, बाबा, यात गाड्या उजव्या बाजूने चालल्यात, हा आपला देशच नाही. मीही चार वेळा बघितला होता. पण मारामारी चालू असताना गाड्यांकडे कोण बघतं?
आजपासून फोन दिवसातून दोनदाच. सकाळी पाच मिनिटं, संध्याकाळी पाच मिनिटं. लोकांना कामधंदा नाही म्हणून हे सगळं होतं.

त्याच दिवशी, दुपारी.
समोरच्या बिल्डिंगमधल्या रिटायर बँकवाल्यांनी शांतता समिती काढली. फोनवर ग्रुप पण. २१२ माणसं. समितीत माझं नाव घातलंय, मला न विचारता. चाळीस वर्षं या भागातले बोर्ड रंगवले, अनुभवी माणूस म्हणून घेतलं असणार. ही म्हणाली, बॅनर फुकटात लिहून हवा असेल. हिला माझं चांगलं झालेलं बघवत नाही.

त्याच दिवशी, संध्याकाळी.
मेसेज आलाय. आपल्या बिल्डिंगखालच्या बेकरीच्या पिठात म्हणे औषध मिसळतात, माणसं हळूहळू आजारी पडतात, खाऊ नका. बेकरीवाला पलीकडचा. तीस वर्षं त्याचा पाव खातोय. पित्त सोडून मला काही झालं नाही, आणि पित्त वडिलांना पण होतं.
मी असलं पुढे पाठवत नाही. फक्त खाली ‘खरं आहे का?’ असं लिहून पाच ग्रुपवर टाकलं. विचारायला काय हरकत आहे?
ही म्हणाली, अहो, बावीस पायऱ्या उतरा आणि त्यालाच विचारा की. तिला व्यवहार कळत नाही. असं तोंडावर विचारलं तर माणसाला काय वाटेल?

ता. ४, बुधवार.
बेकरीत सकाळचे पाव दुपारी तसेच. टोस्टच्या बरण्या भरलेल्या. रोज पावाला रांग असते, आज दोन माणसं, त्यातलं एक सुट्टे मागायला आलेलं.
समितीची बैठक बँकवाल्यांकडे. दोन तास. सगळ्यांनी निषेध केला. कशाचा ते ठरत नव्हतं. मग मी उठलो. म्हटलं, फोनचं उत्तर फोनने नको. बेकरीसमोर बोर्ड लावू. रंगाने लिहिलेल्यावर माणूस विश्वास ठेवतो. एकमताने पास. सगळ्यांना घरी जायचं होतं असं ही म्हणते, पण ही तिथे नव्हती.
नेतृत्व म्हणजे दुसरं काय? एकाने उठायचं असतं.

ता. ५, गुरुवार.
बोर्ड झाला. चार बाय तीन, प्लायवूड. पिवळ्यावर लाल.
ही दोरी आणि खडू घेऊन उभी होती. म्हणाली, आधी मोजून घ्या. मी आयुष्यात कधी मोजलेलं नाही. माझी नजरच पट्टी आहे. त्यावर तिने दातांच्या डॉक्टरच्या बोर्डाचा विषय काढला. त्यात ‘दवाखा’ पर्यंत मावलं होतं आणि ‘ना’ खालच्या ओळीत गेला होता. तेवीस वर्षं झाली. लोक दात काढायला तरी येतातच ना?
पहिली ओळ झकास आली. ‘या बेकरीच्या पिठात औषध मिसळले जाते’. एकेक अक्षर वीतभर. आता ‘असे मेसेज फिरत आहेत’ला जरा दाटी झाली. ‘ते सर्व खोटे आहे, विश्वास ठेवू नये, शांतता समिती’ उजव्या कोपऱ्यात बसवलं. लाल संपला म्हणून तपकिरी वापरला. जवळ गेलं की व्यवस्थित वाचता येतं.
खांबाला खिळा ठोकून टांगला. बेकरीवाला हात पुसत बाहेर आला. लांबून वाचलं, मग जवळ येऊन वाचलं, मग परत लांब गेला. म्हणाला, पेंटर, हे इथेच लावायला पाहिजे का? मी म्हटलं, अरे, बेकरी तुझी, मग काय चांभाराच्या दुकानासमोर लावू? आत गेला. बटरचं पाकीट हातात दिलं. माणूस भारावला होता.

ता. ६, शुक्रवार. सकाळी ११.
बोर्डासमोर गर्दी! साठेक माणसं. प्रत्येकजण फोटो काढतोय. जे थांबून बघत होते त्यांना मी स्वतः सांगत होतो, पुढे या, कोपऱ्यात बघा. कोण पुढे येतंय! सगळे चष्मे घरी विसरून आलेले.
ज्यांना त्या मेसेजचा पत्ताच नव्हता त्यांनाही आज समजलं. जागृती म्हणतात ती हीच.

संध्याकाळी ६.
सूनबाईने फोन दाखवला. बोर्डाचा फोटो, फक्त वरची ओळ. खाली लिहिलंय, ‘आता तर समितीनेच बोर्ड लावला’. अर्ध्या शहरात फिरतोय. पलीकडे वेगळीच आग, आमच्या माणसाची बदनामी करायला बोर्ड लावतात म्हणून. फोटो कापणारे हलकट. माझा बोर्ड पूर्ण होता.
लगेच डबा-ब्रश घेऊन खाली. संपूर्ण बोर्डावर आडवं ‘खोटे’ मारायचं ठरवलं. खांबाला शिडी नीट टेकेना, हात वरपर्यंत गेला नाही. ‘खोटे’ खाली आलं, बरोबर ‘शांतता समिती’वर. बँकवाल्यांचा फोन आला. मी उचलला नाही. फोनला दोनच वेळा हात लावायचं ठरलंय. आज एकोणीस झाले, पण आजचा दिवस वेगळा.

ता. ७, शनिवार.
सकाळी साडेसहाला बेकरीच्या काचेवर दगड. अलीकडून आला की पलीकडून, कोणी बघितलं नाही. बेकरीवाल्याची बायको पीठ मळत होती. हाताला चार टाके. काचेचा चुरा सगळ्या परातीत. पूर्ण पीठ फेकलं. दारात पांढरा ढीग, आणि त्यात काचा चमकत होत्या.
शेवटी पिठात काहीतरी पडलंच.
पोलीस आले. हे कोणी लिहिलं विचारलं. बँकवाल्यांनी बोटाने मला दाखवलं. मी जबाब दिला, सही केली. साहेब म्हणाले, काका, समाजासाठी एक करा, काही करू नका. चहा पाजला. आदर होता बोलण्यात. बोर्ड गाडीत घालून नेला. पुरावा म्हणून.

ता. ८, रविवार.
हिला नसत्या चौकशा. आपल्या बिल्डिंगच्या ग्रुपवर तो औषधाचा मेसेज पहिल्यांदा टाकला कोणी? सूनबाई वर वर सरकवत गेली. माझं नाव आलं. मग सूनबाई उठून कपडे वाळत घालायला गेली. कपडे धुतलेलेच नव्हते.
मी खाली ‘खरं आहे का?’ लिहिलं होतं! लोकांनी पुढे पाठवताना तेवढंच गाळलं, तो काय माझा दोष? ही म्हणाली, तुमच्या बोर्डाचं पण तसंच झालं, नाही का. चाळीस वर्षांच्या संसारात या बाईने मला कधी साथ दिली नाही.
उद्यापासून फोन कपाटात.

ता. ९, सोमवार.
शांतता आहे. चष्मेवाल्याने नवीन काच बसवली. पोलीस ठाण्यात समितीचा सत्कार, बँकवाल्यांना गुच्छ. माझं नाव घेतलं नाही. बरंच झालं, मला गाजावाजा आवडत नाही. फोटो ग्रुपवर आलाय. मागच्या रांगेत कोणाचा तरी कोपर दिसतो, तो माझा असावा.
बेकरी बंद.

ता. ११, बुधवार.
बेकरीवाला वर आला. तीस वर्षांत पहिल्यांदा. बावीस पायऱ्या चढून दारात दम खात उभा राहिला. हिने पाणी दिलं.
म्हणाला, पेंटर, एक छोटा बोर्ड पाहिजे. ‘दुकान विकणे आहे’.
मी समजावलं. अरे, आठ दिवसांत लोक विसरतात. तो म्हणाला, विसरतील हो. पण काल दुकान उघडून बघितलं, तर एक बाई आली, वीस वर्षांचं गिऱ्हाईक. पाव घेतला, हुंगला आणि ठेवून गेली. रोज सकाळी हे बघायचं वय नाही राहिलं. मुलगी बोलावतेय, तिच्याकडे जातो.
जाताना चपला घालता घालता म्हणाला, तुम्ही तो मेसेज टाकलात, त्यातल्या एका ग्रुपवर मी पण आहे. खालीच तर होतो हो. विचारायचं की मला.
मी म्हटलं, बोर्ड उद्या देतो.

ता. १२, गुरुवार.
दोन बाय एक. पांढऱ्यावर काळा. आज मीच दोरी मागितली. हिने एक टोक धरलं, मी एक. खडूच्या रेघा मारल्या. पट्टी लावली. तिन्ही शब्द एका ओळीत बसले, दोन्हीकडे सारखी जागा सुटली. ही बघत राहिली. काही म्हणाली नाही. एरवी म्हणते.
बेकरीवाल्याने बघितला. म्हणाला, छान झालाय.
त्याच खांबाला, त्याच खिळ्याला लावला. तासभर समोर उभा राहिलो. एकानेही फोटो काढला नाही. तरी चष्मा काढून, पार रस्त्यापलीकडे जाऊन बघितलं.
लांबूनही स्वच्छ वाचता येतो.