पाठमोरा कारकून

ता. ४ मार्च

ती. आत्यास सा. न.

कॉमिकची शेवटची पानं पाठवतो आहे. नेहमीप्रमाणे संवादांचे फुगे रिकामे ठेवलेत आणि मजकूर पेन्सिलीने कडेला लिहिलाय. जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवून तू निवृत्त झालीस आणि भाच्याने फुग्यांतली अक्षरं काढायला पुन्हा ब्रश हातात दिला.

कथा तुला ठाऊकच आहे. डोळ्यांवर हेडसेट चढवला की आपला कारकून त्या आभासी खेळात पुलाची राखण करणारी पूलराखीण होतो, आणि मग दगडी राक्षसांची खैर नसते. पण संपादकांना शेवट बदलून हवा आहे. त्याने हेडसेट काढावा, हा सगळा खेळ होता असं म्हणावं आणि मुकाट कचेरीत जावं. नाहीतर ते पुस्तक छापणार नाहीत. मी हो म्हणालो. पहिलंच पुस्तक आहे, नखरे कुठवर करणार?

गुडघा कसा आहे? बाबांना नमस्कार सांग. पानं मात्र दाखवू नकोस.

लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.

तुझा ढब्बू

ता. ११ मार्च

चि. ढब्बूस अनेक आशीर्वाद.

शेवटचं पान ठेवून घेतलं आहे, बाकीची परत पाठवते. गुडघ्याला बोल लावू नकोस. अक्षरं हाताने काढतात आणि हात ठणठणीत आहे.

फुग्याचं शेपूट बोलणाऱ्याच्या तोंडाशी न्यावं लागतं. तुझ्या कारकुनाचं तोंडच सापडेना. म्हणून माझ्याकडच्या प्रती काढून पहिल्यापासूनची सगळी पानं जमिनीवर मांडून बसले. हा पठ्ठ्या कुठे पाठमोरा, कुठे दाराआड, कुठे छत्रीखाली. पूलराखीण मात्र पानोपानी समोर. तिची हनुवटी तुझी, आणि जिन्यावरून पडून भुवईत झालेली खाचसुद्धा तुझीच. मी काही दूधखुळी नाही.

तेव्हा सरळ विचारते. यातला खेळ कोणता, पुलावरचा की पाठमोऱ्याचा? मला वाटतं तेच उत्तर असेल, तर मला आनंदच आहे, हे आधीच सांगून ठेवते. पण तुला जे खरं वाटत नाही, ते माझ्या ब्रशने लिहून मागू नकोस.

माझा लोभ उधळलास तरी संपायचा नाही.

तुझी आत्या

ता. १९ मार्च

ती. आत्यास सा. न.

तुझ्या पत्रावर आधी चिडले, मग रडले आणि मग कामाला बसले. हो आत्या, मी मुलगी आहे.

पान नव्याने काढलं आहे. हेडसेट टेबलावर, आणि खुर्चीत कारकुनाचा शर्ट घालून पूलराखीण बसली आहे, चांगली समोर तोंड करून. शेवट हाच राहील असं संपादकांना कळवलं. त्यांनी फोन ठेवला. दुसरं कोणी छापेल, नाहीतर आपण दोघी छापू.

फुगा एकच आहे. त्यात काय लिहायचं ते मला सुचत नाही. तेही तूच ठरव, आणि बाबांना दाखवायचं की नाही तेही.

लोभ असू दे, आता त्याची जास्त गरज आहे.

तुझी ढब्बू

ता. २७ मार्च

चि. ढब्बूस अनेक आशीर्वाद.

दादाला मी काही दाखवलं नाही. पान टेबलावर ठेवून चष्मा शोधत होते, तेवढ्यात तो चहा घेऊन आला. पान उचलून खिडकीशी गेला. तुझा बाप मुळातच बोलायला कंजूष. चहा पार निवला.

शेवटी म्हणाला, की हनुवटी थेट आपल्या आईवर गेली आहे. मग पान जपून टेबलावर ठेवलं आणि विचारलं, की ही घरी कधी येणार.

मी ब्रश बुडवला आणि फुग्यात लिहिलं: आलेच.

शेपूट नेमकं तोंडाशी नेलं आहे. आता माझं अक्षर खोटं पाडू नकोस.

लोभ दोघांचाही आहे.

तुझी आत्या