करंज्याच्या नायकाला पुन्हा न बुडवण्याबाबत

मी, कुमुद कमलाकर टिपणीस, वय ७२, निवृत्त शिक्षिका, राहणार पनवेल, हे मृत्युपत्र राजीखुशीने आणि पूर्ण शुद्धीत लिहीत आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझा मुलगा सत्यजीत याला तरीही शंका असेल, तर त्याने मी सोडवलेली शब्दकोडी तपासावीत.

१. राहता फ्लॅट सत्यजीतला. दिवाणाखाली माझ्या एकुलत्या एका कादंबरीच्या तीनशे बारा प्रती आहेत, त्याही त्यालाच. १९७९ साली पाचशे छापल्या होत्या. फ्लॅट विकला तरी चालेल, प्रती रद्दीत घालू नयेत.

२. माझ्या पाटल्या आणि कादंबरीचे सर्व हक्क नात ऋचा हिला. खरं तर याच कलमासाठी हा सगळा खटाटोप. ऋचा ती कादंबरी आजच्या पोरांसाठी मोबाइलवर नव्याने लिहीत होती. तिची नायिका कळंबोलीच्या कॉलेजात जाते, नायकाला 'ब्रो' म्हणते, आणि करंजा गावचा कोळी नायक ॲपवरून मासळी विकतो. मला आधी घेरी आली. नंतर पुढचा भाग कधी देतेस म्हणून मीच तिच्या मागे लागले. शेवटचं प्रकरण तेवढं उरलं आणि सत्यजीतने 'आईच्या अभिजात साहित्याची विटंबना' म्हणून लिखाण बंद पाडलं. सत्यजीतने हे साहित्य अद्याप वाचलेलं नाही. माझ्या पश्चात त्याने तिला अडवू नये.

३. अट एकच. माझ्या कादंबरीच्या शेवटी नायक खाडीत बुडतो. ऋचाने विचारलं, "आजी, कोळ्याचा मुलगा आणि खाडीत बुडेलच कसा?" सेहेचाळीस वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. आता सांगून टाकते. तो माणूस बुडाला नाही. त्याने मला लग्नाचं विचारलं होतं. वडिलांच्या धाकाने मी नाही म्हटलं, आणि पुढे त्याला कागदावर मारून टाकलं, म्हणजे रुखरुख संपेल. ती संपली नाही. आमच्या ह्यांना सगळं ठाऊक होतं. प्रुफं त्यांनीच तपासली. ऋचाच्या गोष्टीत नायकाने पोहत काठावर यावं. पुढचं तिने आणि तिच्या नायिकेने ठरवावं.

४. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काहीही मिळता कामा नये, असं वकील म्हणाले. म्हणून ज्यांना मी बुडवलं त्या दिनानाथ यांनाच बोलावून घेतलं. हा मजकूर त्यांना वाचून दाखवला. ते म्हणाले, "बाई, मारलात तं मारलात, पन पान्यान बुडवून? गावान तोंड दाखवाला जागा नाय ठेवली तुमी." मग त्यांनी पेन मागितलं.

ठिकाण: पनवेल
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२५

सही: कुमुद कमलाकर टिपणीस

साक्षीदार:

१. वसुंधरा गुप्ते, शेजारी. १९८१ साली वाचायला नेलेली प्रत यांनी परत करावी.

२. दिनानाथ कोळी, राहणार करंजा, वय ७५. यांना मी आयुष्यात काहीच दिलं नाही, त्यामुळे साक्षीदार म्हणून पात्र.