सुस्तोबाची आरामखुर्ची

४ ऑक्टोबर
ती. ताईस,
सा. न. वि. वि.
आई सुखरूप पोचली. सुस्तोबामुळे तिला माझ्याकडे पाठवायला तू घाबरत होतीस. साडेचार फुटांचा, घोरपडीसारखा इग्वाना घरभर मोकळा, आणि आईला आजचा वार आठवत नाही! पण ऐक. तो नेहमीप्रमाणे खिडकीतल्या उन्हात, बाबांच्या आरामखुर्चीत पसरला होता. आई दारात थबकली, केस सारखे केले आणि त्याला विचारलं, अहो, आज कामावर जायचं नाही का? मला मात्र ती चष्मेवाला म्हणते. चष्म्यांचं दुकान आहे माझं खरं, पण पोटचाही आहे की मी.
तुझ्याकडे ती अन्नाला शिवत नव्हती ना? इथे त्याला पाला चिरून घालते आणि शेजारी बसून स्वतःही जेवते.
तुझा,
धाकटा

१२ ऑक्टोबर
चि. धाकट्यास,
अ. आ.
हसावं की रडावं कळेना. साम्य मला मान्य आहे. बाबाही पसरलेले असायचे, हाकेला ओ द्यायचे नाहीत, ताट पुढ्यात यावं लागायचं. झोपलेले असले की घर कसं शांत असायचं. पण हे धूड तू जावयासारखं मोकळं सोडलंस, याला काय म्हणावं? आमच्या शाळेच्या ऑफिसात सांगितलं तर हेडक्लार्कबाईंनी पाल समजून झाडू सुचवला.
थट्टा पुरे. आईची कातडी कागदासारखी झालीय. त्याला पिंजऱ्यात घाल.
माया आहेच, अक्कल तेवढी तू वाढव.
ताई

२९ ऑक्टोबर
ती. ताईस,
सा. न. वि. वि.
घातला पिंजऱ्यात. आई तीन दिवस उपाशीपोटी पिंजऱ्यासमोर बसून राहिली. यांचा गुन्हा काय, असं मला विचारत होती. शेवटी सोडला, आणि ती जेवली. आता दुपारभर त्याच्या पाठीवर हात ठेवून बसते. बाबांना असं शिवताना मी तिला कधी पाहिलं नव्हतं. उतारवयात का होईना, दोघांचं बरं जमलंय.
टोमणे मार, पण खुशाली कळव.
धाकटा

१८ नोव्हेंबर
ती. ताईस,
सा. न. वि. वि.
तुझं उत्तर यायच्या आत लिहितोय. सुस्तोबा आईच्या हाताला कडकडून चावला. नऊ टाके पडले. जनावरांचे डॉक्टर म्हणाले, हा नरांचा माजाचा हंगाम, महिनाभर त्यांचं डोकं फिरलेलं असतं.
खरं सांगायचंय ते वेगळंच. टाके घालणाऱ्या डॉक्टरांनी विचारलं, कशानं झालं? आई मान खाली घालून म्हणाली, दारात बोटं सापडली, चूक माझीच, हे तर घरातच नव्हते. मी खरं सांगायला लागलो तर मला चिमटा काढून गप्प केलं. हे तिला सुचलं कुठून?
धाकटा

२५ नोव्हेंबर
चि. धाकट्यास,
अ. आ.
सुचलं नाही रे, आठवलं. दार, जिना, न्हाणीघरातलं शेवाळ, अशी आलटून पालटून कारणं असायची. डॉक्टरही बदलायचे. मी तिचा दुसरा हात धरून उभी असायची आणि चिमटा मला बसायचा. तू वसतिगृहात होतास. तुला फक्त सुट्टीतले बाबा माहीत, पेढा आणि पतंगवाले.
तुझ्या जनावराचा हंगाम महिन्याचा असतो. आमच्याकडे तो बारमाही होता.
ती आपल्या दोघांना विसरली, हे मात्र नाही विसरली. त्याला आजच्या आज घराबाहेर काढ. तेव्हा मला जमलं नव्हतं.
तुझ्यावर राग नाही.
ताई

९ डिसेंबर
ती. ताईस,
सा. न. वि. वि.
पत्र मिळाल्या दिवशीच सुस्तोबाला जनावरांच्या डॉक्टरांकडे सोडून आलो. वाटलं, आई मोकळा श्वास घेईल. तिने अन्न सोडलं. आज नववा दिवस. चमच्याने दूध घातलं तर ओठ मिटून घेते. सलाईन लावलं, तर सुई उपटून टाकली. खुर्ची हलवली तर ती जिथे होती तिथे जमिनीवर जाऊन बसते.
मी बाबांबद्दल तिच्याशी बोलून पाहिलं. ते कसे वागायचे ते ताईनं सांगितलंय, म्हटलं. तिने ऐकूनच घेतलं नाही.
काल माझी बाही धरली. आवाज फुटत नव्हता, म्हणून कान जवळ नेला. त्यांना घरी यायला सांगा, म्हणाली. हाताचं मी कुणाला सांगणार नाही.
उद्या सकाळी मी त्याला परत आणायला जातोय.
रागाव हवी तितकी, पण पत्र टाकत राहा.
धाकटा