चिंध्याला दार कुणी उघडलं?

९ डिसेंबर, मंगळवार

छापून आलं! वाचकांच्या पत्रांत, सगळ्यात वर. खाली माझं नाव — प्रियदर्शनी, निपाणी. एक शब्दही कापलेला नाही.

रविवारी मैत्रिणीबरोबर, चंदनाबरोबर, कोल्हापूरला जाऊन ‘चिंध्या’ या जुन्या भयकथेवरचा नवा सिनेमा पाहिला, तेव्हापासून डोकं तापलेलं होतं. चिंध्या म्हणजे तंबाखूच्या शेतातलं बुजगावणं, ते जिवंत होतं. आधी पाखरं मारतं, मग कुत्री, मग एक चोर — तिथवर सगळं जुन्या कथेसारखंच. पण शेवट? सुगी संपते, थंडीने कुडकुडत चिंध्या मालकाच्या दाराशी येतो, हाका मारतो, आणि मालकीण दार उघडतच नाही. सकाळी उंबऱ्यावर नुसत्या चिंध्या! मूळ कथेत ती दार उघडते, त्याला चुलीपाशी बसवते. दिग्दर्शकाने कथेतली माणुसकीच काढून टाकली. म्हणून लिहिलं — ‘दार न उघडणारी बाई हीच खरी राक्षस.’

आईला वाचून दाखवलं. विड्या वळत ऐकत होती. त्या ओळीला म्हणाली, “परत वाच.” वाचली. “असं छापलंय व्हय?” म्हणाली आणि सूप उचलून परसात गेली. लेकीचं नाव पेपरात! कौतुक कसं करावं ते तिला सुचत नसेल.

१० डिसेंबर, बुधवार

वाचनालयाच्या ग्रुपवर दिवसभर तेच. बोरगावच्या एकाने लिहिलं, राक्षसाची कीव आणणं हेच चुकीचं, मग भ्यायचं कुणाला? गल्लीतल्या युवराजने नेहमीसारखी काडी टाकली — “मॅडम, एवढा कळवळा हाय तर चिंध्याला तुमच्याच सोप्यात झोपवा. आमच्यात लहान पोरं हाईत.” चाळीस जण हसले. मी प्रत्येकाला उत्तर दिलं, मुद्द्याला धरून.

रविवारी वाचनालयात चर्चा ठरली. सुरुवात मी करायची! सहा महिने तिथे पुस्तकं देते-घेते आहे, पण बोलायला पहिल्यांदाच सांगितलं. जानेवारीत मला कायम करायचं की नाही ते ठरणार आहे. चांगलं बोलायला हवं.

१२ डिसेंबर, शुक्रवार

कलगोंडा सरांचा फोन. वाचनालयाचे अध्यक्ष, मला कामावर घेतलं तेही त्यांनीच.

“प्रियदर्शनी, दार उघडतं ते कुठल्या आवृत्तीत? माझ्याकडं पहिली आहे. दोनदा वाचली, सापडंना.”

बघून सांगते म्हटलं. काय बघून? मी ती कथा कधी वाचलेलीच नाही! पुस्तक मिळत नाही असं सगळे म्हणायचे, मीही शोधलं नाही. आईच्या तोंडून ऐकली तेवढीच. घरातली पहिली पदवीधर, वाचनालयात कामाला, आणि ‘मूळ कथेत’ असं छापून मोकळी! जेवण गेलं नाही.

१३ डिसेंबर, शनिवार

सरांच्या घरी बसून वाचली. दार उघडत नाही. दिग्दर्शकाने काहीच बदललेलं नाही.

बदललं ते आईने. मी लहान असताना गल्लीतल्या बायका आमच्या घराच्या पुढच्या सोप्यात एकत्र विड्या वळायला बसायच्या. एक जण गोष्ट सांगायची. सांगणारीचे हात मागे पडतात, म्हणून बाकीच्यांनी आपल्यातल्या मूठमूठ विड्या तिच्या सुपात टाकायच्या, अशी रीत. चिंध्याची गोष्ट आईची.

तिला स्पष्टच विचारलं, शेवट तू बदललास का.

“खऱ्या शेवटाला बायांचं हात थांबायचं गं. एक-दोघी रडायच्या. काम तसंच ऱ्हायचं. मग मी दार उघडलं.”

एवढंच! आणि त्यावर मी दिग्दर्शकाला झोडपलं. उद्या येतेस का विचारलं. न्हाय म्हणाली, माझ्याकडे न बघता.

१४ डिसेंबर, रविवार

सांगून टाकलं. पुस्तक वाचलं नव्हतं, आईकडून ऐकलं होतं, आरोप खोटा होता. टेबल धरून उभी होते. मग युवराजच उठला. आता हा सोलणार, असं वाटलं. तर म्हणाला, “आमच्या आजीनंबी दार उघडलेलंच सांगितलंय.” त्याची आजी आमच्याच सोप्यात बसायची! सगळे हसले, तेव्हा कुठे टेबल सोडलं.

मग खरी चर्चा झाली. मालकीण चुकली की नाही? चंदना म्हणाली, आत लेकरू निजलेलं होतं, तिने काय करायचं? मी म्हटलं, तरीही उघडायला हवं होतं. पुस्तकाबद्दल चुकले, पण माझं मत तेच आहे. टाळ्या पडल्या. सर एवढंच म्हणाले, “दुरुस्तीचं पत्र उद्या पाठव.” नोकरीचं काही बोलले नाहीत. विचारायचं धाडस झालं नाही.

घरी येऊन आईला सगळं सांगितलं. तिने चंदनाचं बोलणं तेवढं पुन्हा सांगायला लावलं. मग विचारलं, “आणि तू काय म्हणालीस?” सांगितलं. ती उठली आणि भांडी घासायला लागली. घासलेलीच होती ती.

१५ डिसेंबर, सोमवार

दुपारी दुरुस्तीचं पत्र लिहायला बसले. आई समोर विड्या वळत होती. माझे वडील, आप्पा, मी लहान असताना तापाने गेले, असंच मला आजवर ठाऊक होतं.

“तुझा बा तापानं न्हाय गेला,” ती म्हणाली. “पिऊन आलता. हातात कोयता. लई हाका मारल्या. तू आत निजली हुतीस. मी न्हाय उघडलं. सकाळी उंबऱ्यावर गार पडलेला.”

सांगताना तिचे हात थांबले होते. पत्र बाजूला ठेवलं आणि पान-तंबाखू जवळ ओढली. तिने मला हे काम कधी शिकू दिलं नव्हतं. वाकड्यातिकड्या सात-आठ विड्या झाल्या. तिच्या सुपात टाकल्या.