पाळीचा दगड

प्रिय कपिल,

माघातल्या त्या मंगळवारी सकाळी मी विहिरीवर गेलो, तुझ्या मोटारीची पेटी उघडली, आतले तिन्ही पांढरे फ्यूज उपसून सदऱ्याच्या खिशात घातले आणि महादेवाच्या पिंडीवर पाणी न घालताच घरी आलो. पाळी तुझी होती. शेंदूर लावलेला पाळीचा दगड विहिरीच्या काठावर पूर्वेला, तुझ्या बाजूला ठेवलेला होता. तो मला दिसत होता. तरी मी फ्यूज काढले. घरी येऊन हातपाय धुतले, कपाळाला गंध लावलं आणि पोथी उघडून बसलो. ओळी डोळ्यांखालून जात होत्या, डोक्यात एकही जात नव्हती. तुझं वावर मक्त्यानं वाहणाऱ्या धावजीनं तुला फोन केला असेल, तर 'फ्यूज उडाले' एवढंच सांगितलं असेल. उडाले नव्हते, मी काढले होते. तुझी पाळी कायमची तोडायची की चालू ठेवायची, हे त्या दिवशी माझं मलाच ठाऊक नव्हतं. आता ठरलं आहे आणि ठरलं तसं करूनही झालं आहे. पण त्याआधीचं सगळं तुला वाचावं लागेल. फोनवर तू ऐकत नाहीस. 'दादा, मीटिंगमध्ये आहे' हा तुझा एकच निरोप माझ्या मोबाइलमध्ये सात वेळा पडलेला आहे. पत्राला तरी मीटिंग सांगता येत नाही.

विहिरीचं तुला सगळं माहीत आहे. तरी लिहितो, कारण तू नागपूरला जाऊन ते विसरलास असं मला वाटतं. आणि विसरला नसशील तर मग गोष्ट आणखीच वाईट आहे. विहीर एक, मोटारी दोन. चार दिवस तुझे, चार दिवस माझे. पाळी संपली की संपवणाऱ्यानं पिंडीवर बादलीभर पाणी घालायचं आणि दगड उचलून दुसऱ्याच्या बाजूला ठेवायचा. बाबांनी आपल्याला पाळ्या वाटून दिल्या तेव्हा कोणता कागद केला होता? ओंजळीत विहिरीचं पाणी घेतलं, माझ्या हातावर सोडलं, मग तुझ्या हातावर सोडलं. तू तेव्हा अकरावीत होतास, मिशी फुटत होती. बाबा म्हणाले, "भांडा, डोकी फोडा, पण एकमेकाची पाळी तोडू नका. पाण्याले दोघंही सारखेच." आपलं वैर झालं ते बाबा गेल्यावर, धुऱ्यावरच्या, दोन वावरांमधल्या बांधावरच्या, त्या बाभळीवरून. चार वर्षं आपण बोललो नाही, मग हळूहळू बोलू लागलो. पण त्या चार वर्षांत दगड एक दिवसही चुकला नाही. मी तुझ्या बाजूला ठेवत होतो, माझ्या बाजूला तू सुट्टीवर आलास की तू ठेवत होतास, एरवी तुझं वावर वाहणारा.

म्हणून भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी तू ती निळी फाईल घेऊन विहिरीवर आलास, तेव्हा मला शंका यायचं कारणच नव्हतं. तू म्हणालास, "दादा, समुद्रावर हॉटेल हाये. दरवर्षी एक आठवडा आपला, हक्काचा. आपल्या विहिरीची पाळीच समज. हॉटेल सगळ्याइचं, आठवडा आपला." मला ते लगेच कळलं. दुसऱ्या कोणी शंभर वेळा समजावलं असतं तरी कळलं नसतं. तू म्हणालास, बायकोला, समीक्षाला, शाळेच्या नोकरीतून सुट्टी मिळत नाही, आठवडा वाया जातो, बाहेर रीसेलमध्ये चार जण मागून राह्यले, पण घरातलं घरात राहिलेलं बरं. वहिनीनं समुद्र पाहिला नाही, हे बोलायलाही तू चुकला नाहीस. आणि मग तू जे केलंस, त्याची आठवण झाली की अजून माझी मूठ वळते. फाईल तू पाळीच्या दगडाला टेकवलीस. बादलीतलं पाणी ओंजळीत घेऊन माझ्या हातावर सोडलंस. "घे दादा, आठवडा तुझा." एवढं झाल्यावर मी कंपनीच्या हापिसात जाऊन नाव चढवायचं कशाला विचारतो? माझ्या लेखी नाव चढलं होतं.

तुला दिलेले पैसे तुझ्या वहिनीचे, विमलचे होते. कपाशीचे नव्हते, माझेही नव्हते. सहा दिवाळ्या तिनं गावातल्या बायांची पोलकी शिवली, त्याचे होते. तुला ते माहीत होतं, कारण द्यायला तीच बाहेर आली होती आणि तू तिच्या पाया पडलास.

आम्ही माघ लागता लागता निघालो. त्याआधी तुला विचारलं, तर म्हणालास, "तुम्ही जा बिनधास्त, मी सांगून ठेवतो." विमलनं नवी बॅग घेतली. शेजारणींना सांगून झालं. कोणी शंख मागितला, कोणी बाटलीत पाणी आणायला सांगितलं. दोन रेल्वे आणि एक एसटी करून आम्ही पोचलो. हॉटेल खरंच होतं, कपिल. पायऱ्या संगमरवरी होत्या. विमलनं चपला बाहेर काढल्या आणि दरवान म्हणाला, "राहू द्या ताई, घालून या." इमारतीच्या मागून एक आवाज येत होता, मोठ्या सुपात कोणी धान्य पाखडत असल्यासारखा, थांबून थांबून. विमल म्हणाली, "आयकलं का?" मी म्हणालो, आधी खोली तर घेऊ.

काउंटरवरची पोरगी सभ्य होती. तिनं फाईल पाहिली, कॉम्प्युटर पाहिला, परत फाईल पाहिली. म्हणाली, सर, हे सदस्यत्व तुमच्या नावावर नाही. ज्यांच्या नावावर आहे त्यांची तीन वर्षांची देखभालीची फी थकली आहे, म्हणून ते बंद ठेवलेलं आहे. थकबाकी भरल्याशिवाय नाव बदलत नाही, आणि बदलण्यासाठी अर्ज कधी आलेलाच नाही. मी म्हणालो, "बाई, माझ्या भावाचं हाये, तो विसरला असन." तिनं पडदा माझ्याकडे फिरवला. नोटिसांच्या तारखा होत्या. शेवटची सप्टेंबरातली होती, आणि ती तुला पोचल्याची नोंद होती. भाऊबीज त्याच्यानंतर आली. मी तिथूनच तुला फोन लावला. दोनदा वाजला, मग कापला गेला, मग तो निरोप आला. पोरीनं तो वाचला नसेल, पण माझं तोंड तिनं वाचलं. आवाज खाली करून म्हणाली, "काका, हे बाहेर फुकट दिलं तरी कोणी घेत नाही हो. वर्षाची फी मागे लागते ना." आधी सर म्हणत होती, आता काका म्हणाली. तिची दया मला तुझ्या लबाडीपेक्षा जास्त लागली.

येताना रेल्वेत मी एकच गोष्ट उलटीसुलटी करत होतो. तुलाही कोणी फसवलंच होतं. नागपूरच्या त्या हॉटेलात तुम्हा दोघांना बक्षीस लागलं म्हणून बोलावलं, चहा-कटलेट दिलं, चार तास उठू दिलं नाही, टायवाला गोड बोलत राहिला आणि शेवटी तू सही केलीस. तू स्वतःच हसत हसत सांगितलं होतंस एकदा. त्या टायवाल्याचा मला राग नाही. तो तुझा कोणी नव्हता, त्याचा तो धंदा. पण फसवल्यावर कसं वाटतं हे तुला पुरतं कळलं, आणि मग तुला वाटलं की हे ओझं उतरवायला जगात सगळ्यांत सोपा माणूस म्हणजे दादा. टायवाल्याकडे चहा-कटलेट होतं. तू बाबांचं पाणी वापरलंस. नुसता मागितला असतास तर हा पैसा विमलनं तुला तसाच दिला असता. अडचणीत आहे वहिनी, एवढं एक वाक्य पुरलं असतं. ते तुझ्या तोंडून निघालं नाही आणि माझ्या हातावर पाणी सोडायला मात्र तुझा हात कापला नाही.

या रागात मी ते फ्यूज काढले. दोन दिवसांनी धावजी घरी आला. "दादा, मोटार चालून नाई राह्यली. जरा पाहता का?" कपाळाला गंध लावून बसलेला मी त्याला म्हणालो, "पाहतो." फ्यूज माझ्या खिशात होते. तो बिचारा पाणी पिऊन गेला. पुढचे सहा दिवस त्यानं विचारलंही नाही. त्याची बायको तुझ्या वावरातल्या सांबाराच्या, कोथिंबिरीच्या, वाफ्याला डोक्यावरच्या गुंडीनं पाणी आणून घालताना मला दिसत होती. आणि गव्हाच्या ओंबीत दूध भरायचे दिवस होते, तो गुंडीनं भिजत नाही. मी रोज धुऱ्यावरून जायचो आणि मान वळवायचो. मक्त्याचा पैसा तू गुढीपाडव्यालाच उचलला होतास. वाळत होता तो धावजीचा गहू. तुझं एक पानही वाळत नव्हतं. हे मला पहिल्या दिवसापासून कळत होतं, कपिल. कळून मी आठ दिवस काढले. सोमवारचा उपासही केला.

नवव्या दिवशी विमलनं सदरा धुवायला घेतला. खिशातून फ्यूज निघाले. सकाळी मी पूजेला बसलो तर देवाच्या पाटावर तिन्ही फ्यूज ओळीनं मांडलेले. मागून म्हणाली, "याइले बी हळदकुंकू वाहून देऊ काय?" मी म्हणालो, तुझ्यासाठीच करून राह्यलो, तुझ्या पैशाचा, तुझ्या अपमानाचा राग आहे हा. तेव्हा ती समोर येऊन बसली. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, इतक्या शांतपणे ती माझ्याशी कधी बोलली नव्हती. म्हणाली, "कपिलभाऊजीनं मले खोली नाई देली. समुद्र तं तुमी नाई दाखवला."

हे मी तुला वर लिहिलं नाही. लिहायचं टाळत होतो. त्या दिवशी त्या संगमरवरी पायऱ्या उतरताना तिनं माझी बाही धरली होती. म्हणाली होती, "खोली नसू द्या. इथवर आलोच हावो, तं पाच मिन्टं पाहून घेऊ. हॉटेलाच्या बाजूनंच रस्ता हाये, तो दरवान सांगत होता." आणि मी बॅग खांद्यावर मारून म्हणालो, "नाई पाहाचं. कायले पाहाचं?" आणि चालू लागलो, एसटी स्टँडकडे. ती माझ्या मागं आली. तो आवाज वळणापर्यंत ऐकू येत होता. शेजारणींना तिनं सांगितलं, समुद्र मोठा होता. शंख मात्र मिळाले नाहीत म्हणे.

त्याच सकाळी मी विहिरीवर गेलो. फ्यूज बसवले. धावजीला बोलावून आणलं आणि काय केलं ते त्याच्या तोंडावर सांगितलं. तो म्हणाला, "मले वाटलंच होतं. फ्यूज उडते तं काळा पडते, गायब नाई होत." हसला नाही. मीही हसलो नाही. त्या पाळीनंतर दगड माझ्या बाजूला यायला हवा होता. मी तो तुझ्या बाजूलाच राहू दिला आणि माझ्या तीन पाळ्यांचं पाणी त्याच्या गव्हाला सोडलं. माझा हरभरा थोडा उणा झाला, त्याचा गहू बराचसा वाचला. सगळा नाही वाचला. ओंब्या बारीक राहिल्या त्या बारीकच राहिल्या. त्याची भरपाई मी सुगीत केली आहे, ती त्याची-माझी गोष्ट आहे. तुझी पाळी तुझीच राहील. पाळी तोडणारा माणूस मी आठ दिवस होऊन पाहिला. बाबांसमोर तसा उभा राहायची माझी हिंमत नाही. पण याचा अर्थ मी तुला माफ केलं असा घेऊ नकोस. माफ केलेलं नाही. देवाला रोज सांगतो की मन निवव, आणि ते निवत नाही. पाण्याला आपण दोघं सारखे आहोत, एवढ्यापुरताच सध्या तू माझा भाऊ आहेस. त्यापुढचं हवं असेल तर घरी ये, आणि माझ्याशी बोलण्याआधी विमलसमोर उभा राहा.

आता पत्र कशासाठी, ते सांगतो. सोबत तुझी निळी फाईल आहे. ही मी समुद्रात टाकणार होतो, तर विमल म्हणाली, देवाच्या पाण्यात कचरा कायले करता, ज्याचा हाये त्याले पाठवा. होय, आम्ही परत आलो आहोत, त्याच गावी. होळी झाली आणि दुसऱ्या दिवशी निघालो. देवळामागं एका म्हातारीच्या घरी खोली घेतली आहे, नळ गळतो, पण बाई प्रेमळ आहे. हॉटेलाच्या बाजूच्या त्याच रस्त्यानं सकाळी आलो. दरवानानं ओळखलं आणि हात जोडले. मी वाळूवर बसून हे लिहितो आहे. विमलनं आल्याआल्या पाणी चाखलं आणि म्हणाली, "खारंच हाये हो." मग लुगडं घोट्यापर्यंत उचलून आत गेली. पाच मिनिटं म्हणाली होती. सूर्य चांगला वर आला आहे, ती अजून पाण्यातच उभी आहे, आणि मी तिला हाक मारलेली नाही.

अजून तरी तुझाच,
बबनदादा