बिनटाक्याची पाई

३ मार्च

ती. ताईस,
धाकट्याचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तू ‘बरं आहे’ एवढं बोलून ठेवून देतेस, म्हणून आता पत्र. डाव्या हाताने लिहायची सवय कर असं डॉक्टरांनी सांगितलंच आहे, तेव्हा सबब चालणार नाही. अक्षर कसंही येऊ दे. माझ्या शाळेच्या वह्या तू वाचायचीस, आता माझी पाळी.

सोबत एक खोकं पाठवतोय. परवा एका हॉटेलची लिफ्ट दुरुस्त करायला गेलो होतो, तिथल्या स्वयंपाकघरात हे यंत्र पाहिलं. विजेवर चालतं. आत चार गोल वाट्या, वर झाकण. पिठाची चकती घालायची, सारण भरायचं, वर दुसरी चकती ठेवून झाकण लावायचं. थोड्या वेळाने चार पाई तयार. गॅस नको, ज्योत नको. अर्धांगाच्या आजारपणानंतर तू डबाबंद सूप आणि पावावर दिवस काढतेस, हे मला तुझ्या खालच्या लॉन्ड्रीवाल्या बाईंकडून कळलं. त्यांच्यावर चिडू नकोस, मीच खोदून विचारलं.

एकच सूचना, लिफ्टवाल्याची. क्षमतेपेक्षा जास्त भरू नकोस, आणि दार नीट लागल्याशिवाय पुढे काही करू नकोस.

जूनअखेर तुझ्या शिलाईच्या दुकानाचा करार संपतो. तोवर हातात सुधारणा दिसली नाही तर दुकान सोडून तू आमच्याकडे यायचं, हे तू कबूल केलंयस. मी आठवण करून देत नाहीये, नुसतं लिहितोय.

लोभ होताच, तो आता पत्रातूनही वाढू दे.

तुझा,
धाकटा

१४ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

खोकं पोचलं. लॉन्ड्रीवालीने ते धापा टाकत वर आणलं आणि आत काय आहे ते पाहून कपाळाला हात लावला. जिला स्वतःच्या गाऊनची बटणं लावता येत नाहीत तिला पाई करायला सांगणारा भाऊ एक तर फार शहाणा असला पाहिजे, नाहीतर तू.

आठवडाभर मी त्या खोक्याकडे ढुंकून पाहिलं नाही. मग काल राग आला. तुझा नव्हे, सुपाचा. मैदा, लोणी, मीठ, गार पाणी, सगळं डाव्या हाताने कालवलं. लाटायला घेतलं तर पीठ लाटण्याबरोबर ओट्यावरून पळायला लागलं. उजवा हात आजारपणापासून मांडीवर नुसता पडून असतो, बिनभाड्याच्या पाहुण्यासारखा. टोचलं कळत नाही, थंड-गरम कळत नाही. म्हटलं, बसून खातोस तर काम कर. कापड बेतताना त्यावर लोखंडी वजन ठेवतात, तसा तो उचलून पिठाच्या कडेवर ठेवला. पीठ जागचं हललं नाही. हातही हलला नाही, ते सोड.

पुढची गंमत ऐक. वाटीच्या मापाची चकती कापायची असं माहितीपत्रकात होतं. मी कापली, पण शिवणीसाठी सोडतो तशी चहूबाजूंनी बोटभर माया सोडून! जन्माची खोड. झाकण लावल्यावर ते सगळं जादा पीठ बाहेर झालरीसारखं लोंबलं आणि करपून कोळसा झालं. लॉन्ड्रीवाली हसून हसून खुर्चीत बसली. मीही हसले रे. हसताना तोंड वाकडं होतं म्हणून मी टाळत होते, ते काल विसरले.

दुसऱ्या खेपेला मापात कापलं. बटाटा, मटार, मिरपूड. हिरवा दिवा लागला तसं झाकण उघडलं आणि मी बघतच राहिले. चार गोल, सोनेरी, टम्म फुगलेल्या पाई, आणि त्यांची कड! मी उभा जन्म कडा जोडण्यात घालवला. दुमड घाला, टाचा, शिवा, उलटा, इस्त्री फिरवा, तेव्हा कुठे एक कॉलर बसते. इथे सुई नाही, दोरा नाही, आणि गोल फिरून कड अशी मिटलेली की कुठे सुरू झाली आणि कुठे संपली ते दिसू नये. मी बोट फिरवून फिरवून पाहिलं. डोळ्यांत पाणी आलं, कशामुळे ते सांगता येत नाही. खायचं भानच राहिलं नाही, लॉन्ड्रीवालीने एक संपवली तेव्हा जागी झाले.

वहिनीला सांग, तिच्या नवऱ्याने आयुष्यात एक काम बरं केलं.

माया पिठात नडली, तुझ्या-माझ्यात असू दे.

तुझी,
ताई

२ एप्रिल

श्री. भाऊ यांस,
स. न. वि. वि.

मी तुमच्या ताईंच्या खालची लॉन्ड्रीवाली. चुगली करायचा माझा स्वभाव नाही, पण गप्प बसवत नाही म्हणून लिहिते.

ताई आता रोज पाई करतात. सफरचंदाची, मशरूमची, काय वाटेल ती. माझी गिऱ्हाइकंसुद्धा इस्त्रीचे कपडे घ्यायच्या आधी वरून कसला वास येतोय ते विचारतात. ताईंचा चेहरा बदललाय. पण त्या यंत्राचं झाकण बंद करायची खिटी एका हाताने लागत नाही. म्हणून त्या उजवा हात उचलून झाकणावर वजनासारखा ठेवतात. झाकण तापलेलं असतं. त्यांना काही कळत नाही. काल मी वर गेले तर तळहाताला हा एवढा फोड, आणि त्या मजेत सफरचंद चिरत बसलेल्या. मी दाखवला तेव्हा त्यांना दिसला. त्यांनी तो असा पाहिला की जणू दुसऱ्या कोणाचा हात आहे.

तुम्हाला कळवू नका असं त्यांनी बजावलं होतं. माझ्यावर रागावतील, रागावू देत.

घरी सर्वांना नमस्कार. कमीजास्त लिहिलं असेल तर पोटात घाला.

आपली,
लॉन्ड्रीवाली

७ एप्रिल

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

यंत्राची वायर काढ आणि ते खोक्यात घालून लॉन्ड्रीवाल्या बाईंकडे दे. सोबत जळाल्यावरचं मलम पाठवतोय, दिवसातून दोनदा लाव.

मी रोज लोकांना सांगतो की लिफ्टच्या दारात हात सापडला तर कळ येताच काढून घ्या. आणि माझ्या बहिणीच्या हाताला कळच येत नाही! हे यंत्र मी पाठवलं, म्हणून तो फोड माझा आहे. दोन दिवस जेवण गेलेलं नाही. तुझी वहिनी म्हणते, ताईंचं यंत्र काढून घेणं म्हणजे त्यांना पुन्हा मांडीवर हात ठेवून बसवणं. तिचं खरं असेल. पण उद्या हात भाजून निघाला तर मी कोणाला तोंड दाखवू?

मे संपायच्या आत टेम्पो घेऊन येतो. शिलाई मशीन आणू, कपाट आणू, दुकानाच्या मालकाशी मी बोलतो. जूनची वाट पाहायला नको. माझ्यावर रागाव, बोलू नकोस, पण ये.

लोभ कमी केलास तरी चालेल, हात जप.

तुझा,
धाकटा

१९ मे

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला, कारण खोटं लिहायचं नव्हतं आणि खरं लिहिलं असतं तर तू त्याच दिवशी टेम्पो काढला असतास. यंत्र मी खोक्यात घातलं नाही. फोड बरा होईपर्यंत थांबले, आणि तेवढ्या वेळात डाव्या हाताने उजव्या हातासाठी एक मोजा शिवला. जाड कापड, आत कापूस, मनगटापर्यंत. टाके असे वाकडे की गिऱ्हाइकाने तोंडावर फेकला असता. पण आजारपणानंतरची ती माझी पहिली शिवण. तो चढवून मी हात झाकणावर ठेवू लागले. लॉन्ड्रीवाली समोर पहारेकरी म्हणून बसायची, तेव्हा तिला बोल लावू नकोस.

परवा सफरचंदाच्या पाई लावल्या होत्या. सारण थोडं जास्त झालं होतं, लिफ्टवाल्याचं न ऐकल्याचं फळ. डाव्या हाताने झाकण उचललं, उजवा बाजूला तसाच पडलेला, मोजा मनगटावरून जरा सरकलेला. आतून वाफेचा लोट आला आणि मनगटावर गेला.

धाकट्या, हात मागे आला.

मी ओढला नाही. मला कळायच्या आत तो आपणहून छातीशी आला, आणि मागोमाग माझ्या तोंडून आई गं निघालं. लॉन्ड्रीवाली पाणी आणायला धावली. मी तिला थांबवलं. मी त्या मनगटाकडे बघत राहिले. तांबडं झालं होतं आणि दुखत होतं. माझं दुखत होतं! अंगावर काटा आला, दोन्ही हातांवर आला की एकाच, ते पाहायचं राहिलं. इतकी वर्षं इस्त्रीचे चटके खाल्ले, दर वेळी शिव्या घातल्या. परवा मी त्या यंत्राला हात जोडणार होते, पण जोडायला दुसरा हात अजून तेवढा तयार नव्हता.

मग लॉन्ड्रीवालीने मला डोळे मिटायला लावले. माझ्या बोटांना कधी कोमट पाई लावायची, कधी गार चमचा. मी ओळखत गेले. एकदा तिने काहीच लावलं नाही आणि फसवायला पाहिलं, तेही ओळखलं. बाई रडायला लागली, मग पाई मीच तिला भरवली.

काल डॉक्टरांकडे जाऊन आले. त्यांनी टाचणीने तपासलं आणि सांगितलं की संवेदना परततेय. हात कितपत चालेल याची हमी ते देत नाहीत, पण आता प्रयत्नाला अर्थ आहे, असं म्हणाले. भाजून घेतल्याबद्दल मात्र बोलणी खाल्ली, तुझी आठवण झाली. दुकानाच्या मालकाला मी करार पुढे चालू ठेवते म्हणून सांगून टाकलंय. उद्या कॉलरी येतील की नाही ते माहीत नाही. नाही आल्या तर सरळ शिवणी घालीन, पडदे, उशांचे अभ्रे.

तेव्हा मे महिन्यात टेम्पो नको. तू आणि वहिनी रिकाम्या हाताने आणि रिकाम्या पोटी या. यंत्राची खिटी तेवढी दुरुस्त करून दे, तुझं तेच तर काम.

रागावला असशील तर राग इथे येऊन काढ, लोभ आहेच.

तुझी,
ताई

ता. क. तुझं मलम तसंच ठेवलंय, लावलं नाही. मनगट अजून दुखतंय. जरा दुखू दे.